कालिंदीताई आणि बेसचं डबडं

आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकात कालिंदीताई पागे यांच्यावर चार ओळी छापून आल्या आहेत. त्यातली एक अशी: 'संगीताची हौस असलेल्या आमच्या एक निवृत्त शिक्षिका-भगिनी गेल्या हिवाळ्यात आपल्यातून निघून गेल्या.'

हौस! मी अंक टेबलावर आपटला. हौस म्हणजे काय हे लिहिणाऱ्यांना चांगलं ठाऊक असणार, कारण मंडळ ते हौसेनंच चालवतात आणि ते तसंच चालतं. कालिंदीताईंना हौस नव्हती, काम होतं. त्या विजेवर वाजणाऱ्या वाद्यांची परीक्षा घ्यायच्या. कुठल्या कुठल्या गावांतली वाजवणारी मुलं त्यांचं मत ऐकल्याशिवाय नवं यंत्र घेत नसत. आणि हे सगळं बडोद्यात, अकोटा भागातल्या एका फ्लॅटमध्ये, साठी उलटलेली एक मराठी बाई करत होती. याला हौस म्हणणाऱ्यांनी निदान तिचा एक व्हिडिओ तरी बघायचा होता.

मी फुटपाथ, नदीकाठच्या झोपड्या आणि शहर बस यांच्यावर पत्रकं लिहिते. नाजूक लिहिणं मला जमत नाही. तेव्हा हेही पत्रकासारखंच वाचा.

कालिंदीताई ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, भरभर चालणाऱ्या. अंबाड्यात नेहमी एक डिसमिस खोचलेलं. स्क्रू-ड्रायव्हरला बडोद्यात सगळेच डिसमिस म्हणतात. ताई तर मराठी बोलतानाही दुसरा शब्द वापरत नसत. पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. त्याआधी घरच्या शिस्तीत पेटी शिकल्या, आणि तिचा कंटाळा आला नाही तरी तिच्यावर भागेना म्हणून विजेकडे वळल्या. हे त्यांचेच शब्द.

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत असतो तसा त्यांच्याकडेही संस्थानच्या नोकरीतल्या आजोबांचा पगडीतला फोटो होता. इतरांकडे त्याला हार असतो. ताईंनी तो उतरवून कपाटात उशांच्या मध्ये ठेवला होता. माझ्या आईनं एकदा त्यावरून नाक मुरडलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, खालचा स्वर लावला की आजोबा भणभणतात. मला कळेना, खोट यंत्रात आहे की काचेत. आजोबांना आत ठेवलं, प्रश्न मिटला ने!"

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. माझ्याकडे प्रिंटर नाही, त्यांच्याकडे होता, एवढीच आमच्या ओळखीची सुरुवात. प्रिंटर वापरायला द्यायच्या, पण पत्रक वाचल्याशिवाय छापू द्यायच्या नाहीत. लाल पेन हातात असायचंच. "'सर्व नागरिक संतप्त आहेत.' सर्व? मी नागरिक आहे. मला विचारलंस?" मी म्हणायचे, ताई, पत्रकात असंच लिहितात. "म्हणूनच ती कोणी वाचत नाही. संतापाआधी माप घे. मग हवं तेवढं ओरड, मीही येते ओरडायला." आणि खरंच यायच्या. शहर बससाठी आम्ही उभे राहिलो तेव्हा ताई पुढच्या रांगेत होत्या, छत्री घेऊन, आणि एका साहेबाला बसच्या वेळांवरून त्यांनी तोंडी परीक्षेला बसवलं होतं.

त्या ज्याची परीक्षा घ्यायच्या ते वाद्य काय असतं, ते सांगते. त्यांचा खास विषय होता बेसचं छोटं सिंथेसायझर. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. त्यात एका वेळी एकच स्वर वाजतो, खालच्या पट्टीतला, कानाआधी पोटाला कळणारा. वर नॉबची गर्दी. त्यातला एक फिरवला की आवाज असा उघडतो, जसं कुणी 'ऊ' म्हणता म्हणता 'आ' करावं. खाली बटणांची रांग. तिच्यात स्वर भरून ठेवले की यंत्र ते फिरून फिरून वाजवत राहतं आणि त्यावर अख्खा नाच उभा राहतो. ताई त्याला 'डबडं' म्हणायच्या. कितीही मोठ्या नावाच्या कंपनीचं असो, निकाल लागेपर्यंत ते डबडंच.

बाकीचे परीक्षक काय करतात? खोकं उघडतात, वा वा म्हणतात, मागे रंगीत दिवे सोडतात. कंपनीनं ते यंत्र फुकट दिलेलं असतं हे सांगायला विसरतात. याला मी लाच म्हणते. ताई म्हणायच्या, "शब्द मोठा आहे, पण बसतोय." त्या स्वतः कुठलंही यंत्र ठेवून घेत नसत. तपासून झालं की पुसून, मूळ पिशवीत घालून परत. त्यांच्या व्हिडिओत चेहरा नसायचा, फक्त हात आणि डबडं. भाषा मराठी, मध्येच गुजराती, शिव्या हिंदीत. शेवटी तीनपैकी एकच शब्द: घ्या, थांबा किंवा घेऊ नका.

आणि तपासणी? मे महिन्यात, भर दुपारी, गच्चीत.

अशा अॅनालॉग यंत्रातला स्वर आकडेमोडीतून येत नाही, थेट विजेच्या प्रवाहातून येतो. म्हणून तो जाड आणि जिवंत लागतो, आणि म्हणूनच उन्हानं बिघडतो. आतले भाग तापले की स्वर सरकायला लागतो. थंड देशातल्या माणसाला हे कळतही नाही. ताई पंचा ओला करून डोक्यावर घेत, पाण्याच्या टाकीच्या सावलीत पेटी घेऊन बसत आणि डबडं मात्र उन्हात ठेवत. त्यावर एकच स्वर लावून सोडून द्यायच्या. अधूनमधून पेटीवर तोच स्वर धरायचा. दोघं एकत्र राहिले तर ठीक. मध्ये लाटा उठायला लागल्या, आवाज हेलकावे खायला लागला, की समजायचं, हा सरकला. "वाजवणारा मंडपात वाजवणार, पत्र्याखाली, दिव्यांच्या झोतात," त्या म्हणायच्या. "त्याच्या घरी एसी आहे का, हे मी कशाला विचारू?"

त्यानंतर स्वयंपाकघर. फ्रिजच्याच बोर्डात डबड्याची पिन लावायची आणि फ्रिज सुरू होण्याची वाट बघायची. सुरू होताना डबडं गुरगुरलं तर त्याच्या नावावर एक फुली. मग चष्मा काढून नॉब ओळखायचे, कारण स्टेजवर उजेड नसतो. शेवटी तेलकट बोटांनी नॉब फिरवायचे. त्यासाठी कोपऱ्यावरून सेव उसळ यायची, भरपूर तर्री घातलेली. ही चाचणी ताईंना फार आवडायची आणि कधीकधी डबडं नसतानाही त्या ती करायच्या.

आमच्या बिल्डिंगनं हे सगळं सोसलं असं म्हणवत नाही. तळमजल्यावरच्या रंजनबेन एकदा पोळपाट हातात घेऊनच वर आल्या. "कालिंदीबेन, मारी थाळीओ नाचे छे!"

दुसरं कुणी असतं तर माफी मागितली असती. ताईंचे डोळे चमकले. "कुठली थाळी? मोठी की वाटीवाली?"

"मोठी! रॅकमांथी पडी!"

"पेलुं बीजुं मशीन वगाड्युं त्यारे पडी हती?"

रंजनबेन विचारात पडल्या. परवा ते दुसरं यंत्र वाजलं तेव्हा तर नाही पडली. त्याबरोबर ताई मला म्हणाल्या, "तू वर बस, हे बटण दाबून धर, मी खाली जाते." पुढचा सगळा वेळ मी वर स्वर बदलत होते आणि खाली दोघी रॅकसमोर उभ्या राहून कुठल्या स्वराला कुठली थाळी हलते ते बघत होत्या. त्या दिवसापासून रंजनबेन स्वतःला परीक्षक समजायला लागल्या. जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "गया महिनावाळुं सारुं हतुं. आ वाळामां दम नथी." आणि त्यांचं बहुतेक बरोबर असायचं.

मुंबईहून एक माणूस आला होता, परदेशी यंत्रं आयात करणाऱ्या कंपनीचा. टापटीप, बोलायला गोड, बूट दारात काढताना कसनुसा झालेला. डबड्याबरोबर त्यानं ताईंनी काय बोलायचं त्याचा कागदही आणला होता.

"मॅडम, जस्ट अनबॉक्सिंग केलंत तरी चालेल. सगळे तेच करतात."

"खोकं उघडणं म्हणजे परीक्षण असेल तर आमचा पोस्टमन सगळ्यात मोठा परीक्षक."

तो हसला. आपण जिंकतोय असं त्याला वाटलं असावं. ताईंनी त्याला सेव उसळ दिली. पाव संपल्यावर, हात धुवायला तो उठला तसं म्हणाल्या, "थांब. आता त्याच हातांनी हा छोटा नॉब फिरव." नॉब गुळगुळीत धातूचा, बोटभर अंतरावर दुसरा. एक फिरवायला गेला तर बोट घसरून शेजारचा फिरला. आवाज किंचाळला. खाली रंजनबेनची थाळी पडली. ताई शांतपणे म्हणाल्या, "सुंदर दिसतं. टेबलावर ठेवायला घ्या, वाजवायला घेऊ नका. असं बोलू? लिहून देऊ?" व्हिडिओत त्यांनी ते तसंच बोलून टाकलं. कंपनीनं पुन्हा काही पाठवलं नाही. पुढच्या वर्षी बाजारात आलेल्या त्याच यंत्राचे नॉब रबराचे होते, एवढं मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आणि मंडळ! कोजागिरीला त्यांना 'पेटीवर दोन गाणी' म्हणून बोलावलं होतं. ताई डबडं घेऊन गेल्या. एका मुलीनं भावगीत म्हटलं, ताईंनी त्याच्याखाली इतका हळुवार, घसरत जाणारा बेस दिला की मागच्या रांगेतली पोरं फोन खाली ठेवून ऐकायला लागली. अध्यक्ष आभार मानताना म्हणाले, "प्रयोग चांगला, परंतु हे आपल्या बडोद्याच्या परंपरेला शोभणारं नाही." ताईंनी माईक मागून घेतला. "अध्यक्षसाहेब, आपल्या परंपरेत वीज पहिल्यांदा आली तेव्हा दिवे परत पाठवले होते का?" लोक हसले. अध्यक्ष हसले नाहीत. मंडळाच्या त्या चार ओळी कुणी लिहिल्या असतील, ते मी सांगत नाही.

हे सगळं मी हसत सांगू शकते. पुढचं मात्र हसण्यासारखं नाही, आणि कालिंदीताईंची आठवण मी कशासाठी जपते ते या पुढच्या भागात आहे.

जिगर पंचाल हा त्यांचा विद्यार्थी. बडोद्याजवळच्या डभोईचा. वडिलांचं मंडप आणि लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान. पोरगा ढोलांच्या मध्ये वाढलेला. पॉलिटेक्निकमध्ये तो ताईंच्या हाताखाली होता, नंतरही दर रविवारी यायचा, ताई त्याला जेवू घालायच्या, तो त्यांचे जुने स्पीकर उचलून द्यायचा. ताईंना मूल नव्हतं. मी यापुढे काही म्हणणार नाही, कारण त्यांनी ते म्हणू दिलं नसतं.

या जिगरनं नोकरी सोडली आणि बडोद्यात स्वतःचं बेस सिंथेसायझर बनवलं. नाव ठेवलं 'धबकार', म्हणजे गुजरातीत काळजाचा ठोका. गावभर बातमी झाली. परदेशी नाही, चिनी नाही, आपलं, बडोद्याचं! नवरात्रीच्या कितीतरी आधीपासून गरब्याच्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी नावं नोंदवायला सुरुवात केली. मे महिन्यात एका सकाळी तो पहिलं तयार यंत्र घेऊन ताईंकडे आला. पाया पडला.

"मॅडम, आ पहेलुं पीस तमारुं. पाछुं नहीं लउं."

"परत तर न्यावं लागेल," ताई म्हणाल्या. पण डबडं त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, आणि कोपरे असे चाचपले, जशी कुणी बाळाची कुंची बघावी. त्या दिवशी मला वाटलं की निकाल लागलाच.

दुपारी गच्ची. जिगरही बसला होता, ताईंनी त्यालाही ओला पंचा दिला. डबड्याचा आवाज काय सांगू! जाड, उबदार, पोटात उतरणारा. ताई पेटीवर स्वर धरून हसल्या. थोड्या वेळानं पुन्हा धरला. हसू गेलं. दोन आवाजांमध्ये लाट उठली होती. आणखी थोड्या वेळानं ती लाट इतकी जोरात धावायला लागली की माझ्यासारखीलाही ऐकू आली.

"कुठे तपासलंस रे?"

जिगर खाली बघत म्हणाला, "ऑफिसमां." मित्राच्या कंप्यूटर ऑफिसात त्याला एक कोपरा मिळाला होता. तिथे एसी कायम चालू.

"बरं. हे होतं. आता हींच भर."

हींच म्हणजे गरब्याचा सहा मात्रांचा ठेका. गुजरातेत पाळण्यातल्या पोरालाही तो माहीत असतो. जिगरनं बटणांच्या रांगेत स्वर भरले. सोळा बटणं. पहिली फेरी ठीक गेली. दुसऱ्या फेरीत ठेका एकीकडे आणि बेस दुसरीकडे. सोळांत सहा बसत नाहीत. पायऱ्या, म्हणजे एका फेरीत वाजणारी बटणं, कमी करायची सोय त्यानं ठेवलीच नव्हती. ज्या नावाजलेल्या परदेशी यंत्राची त्यानं नक्कल केली, त्यात सोळाच होत्या, म्हणून यातही सोळाच.

सरकत्या स्वरावर ताई चिडल्या नव्हत्या. यावर चिडल्या. "डभोईचा ना तू? बापाच्या ढोलांवर झोपायचास ना? आणि ज्यांना हींच माहीत नाही त्यांच्यासाठी यंत्र केलंस? तुझं स्वतःचं गाव तुला आठवलं नाही?"

जिगर रडवेला झाला. चुका कबूल केल्या. सुधारतो म्हणाला. मग हात जोडून म्हणाला, "मॅडम, एक ज विनंती. व्हिडिओ नवरात्री पछी मूकजो."

यात त्याचं सगळंच पणाला लागलं होतं आणि ते ताईंना माहीत होतं. त्यांच्या एका शब्दावर ती नोंदवलेली नावं उभी होती.

"जिगर, जो नवरात्रीसाठी घेणार आहे त्याला नवरात्रीनंतर सांगून काय उपयोग?"

तो निघून गेला. चहाही न घेता. व्हिडिओ दोन दिवसांनी आला. त्यात नेहमीसारखे फक्त हात आणि डबडं. शेवटी त्या म्हणतात: "हे माझ्या विद्यार्थ्यानं केलं आहे. आवाज मी इतक्यात ऐकलेल्या सगळ्या यंत्रांपेक्षा चांगला आहे. मुलगा हुशार आहे. हे यंत्र घेऊ नका."

मग जे झालं ते या शहराला शोभणारं नव्हतं. नावं नोंदवणारे मागे हटले. व्हिडिओखाली शिव्यांचा पाऊस पडला. मराठी म्हणून गुजराती पोराला पाडलं, असं कुणी लिहिलं. मंडळातल्या एकानं तर जिन्यात ऐकवलं, "घरचा मुलगा होता हो तुमचा!" मी भांडायला पुढे झाले तर ताईंनी माझा दंड धरला. म्हणाल्या, "घरचा म्हणून खोटं बोलायचं असेल तर बाहेरच्यांसाठी खरं बोलण्यात कसली मर्दुमकी?" आणि आत जाऊन दार लावलं. माझ्या पत्रकांमध्ये मी पुष्कळ घोषणा लिहिल्या आहेत. इतकी सरळ एकही नाही.

रविवारी जेवायला कुणी येईना. रंजनबेन ढोकळ्याची वाटी ठेवून जायच्या.

दिवाळी झाल्यावर जिगर आला. दारातच उभा राहिला, आत येईना. वाळला होता. मी प्रिंटरपाशी होते.

"मॅडम, खोट क्यां छे ए तमे कह्युं. केम छे ए कोण कहेशे?"

खोट का आहे ते कोण सांगणार, हा प्रश्न बरोबर होता. पण ताईंचा एक नियम होता: परीक्षकानं यंत्राला हात लावायचा नाही. एकदा दुरुस्तीत हात घातला की ते आपलं होतं, आणि आपल्या वस्तूबद्दल माणूस खरं बोलत नाही. कितीतरी कंपन्यांनी त्यांना 'सल्लागार' व्हायला विचारलं होतं. प्रत्येकीला नाही मिळालं होतं.

ताईंनी अंबाड्यातलं डिसमिस काढून पुन्हा घट्ट खोचलं.

"मी आले तर एक समजून घे. या यंत्राबद्दल मी पुन्हा कधी बोलणार नाही. कितीही चांगलं झालं तरी नाही."

जिगरला कळायला वेळ लागला. मग त्याचा चेहरा उतरला. "एटले पेलो व्हिडिओ रहेशे? 'घेऊ नका' वाळो? पछी लोकोने कोण कहेशे के सुधरी गयुं?"

"लोकांना कान आहेत."

"मॅडम, तमारा एक शब्दथी…"

"तोच शब्द मी तुला देऊ शकणार नाही. एक तर माझे हात घे, नाहीतर माझं मत घे. दोन्ही मिळणार नाही. विचार कर, घाई नाही."

जिगरनं विचार केला नाही. जिन्याच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "हाथ."

त्याच संध्याकाळी ताईंनी जुन्या व्हिडिओखाली दोन ओळी टाकल्या: 'यापुढे या यंत्राच्या कामात माझा हात आहे. तेव्हा त्याच्याबद्दल माझं मत धरू नये.' मी तिथेच होते. ज्या एका यंत्राचं त्यांना तोंडभरून कौतुक करावंसं वाटत होतं, त्याचंच कौतुक त्यांनी स्वतःच्या हातानं स्वतःला बंद करून घेतलं. कुणी मागितलं नव्हतं. कुणाला कळलंही नसतं. ज्यांना लाच शब्द मोठा वाटतो, त्यांनी ही ओळ वाचावी.

पुढचा सगळा हिवाळा आणि उन्हाळा ताई जिगरच्या वर्कशॉपमध्ये होत्या. एसी ऑफिस त्यांनी आधी सोडायला लावलं. मकरपुऱ्याकडे पत्र्याच्या शेडखाली जागा घेतली, जिथे दुपारी चमचाही चटका देतो. स्वर ज्या भागात तयार होतो तिथले दोन ट्रान्झिस्टर अगदी एकसारखे वागणारे हवेत. ताई ढिगातून एकेक काढून मोजायच्या, जोड्या लावायच्या, आणि जोडी एकमेकांच्या पाठीला पाठ लावून चिकटवायच्या, म्हणजे एक तापला की दुसराही तेवढाच तापणार आणि दोघांची चूक एकमेकांत जिरणार. जमली नाही जोडी की बाजूला. "ही पत्रिका नाही जुळत," असं म्हणायच्या, आणि मदतीला येणारी जिगरची बायको हसून हसून वाकायची. पायऱ्या हव्या तितक्या ठेवायची सोय त्यांनी सगळ्यात आधी करून घेतली, आणि त्यासाठी वेगळं, मोठं, अंधारात चाचपून सापडेल असं बटण.

जिगरवर ओरडणंही थांबलं नव्हतं. एकदा मी गेले तर आतून आवाज: "आ सांधा कोणे कर्या? तें? तारा बापाला दाखव, तो मंडपाच्या दोरीला याच्याहून बरी गाठ मारतो!" जिगर हसत होता. बऱ्याच दिवसांनी.

धबकार पुन्हा बाजारात आलं तेव्हा कसलाही गाजावाजा झाला नाही. लोक जुना व्हिडिओ बघायचे, 'घेऊ नका' ऐकायचे, खालच्या दोन ओळी वाचून गोंधळायचे. काही जण ताईंना फोन करायचे. ताईंचं उत्तर एकच, त्यावर माझं मत नाही. काही जण वर्कशॉपवर जाऊन स्वतः वाजवून बघायचे. त्यातले थोडे घेऊन जायचे. असं थोडं थोडं करत ते पुढे सरकलं. ताईंनी एकदाही, एका शब्दानंही त्याला ढकललं नाही.

मी त्यांना शेवटचं धडधाकट पाहिलं ते नवरात्रीत. समा भागातल्या एका सोसायटीच्या पटांगणात, आरती नुकतीच झाली होती, बायका-मुलं घोळक्यानं उभी होती. स्टेजवर जिगरच्या ओळखीचा ऑर्केस्ट्रा. मधोमध धबकार, त्यावर स्वतः जिगर. ताई स्पीकरपासून जरा लांब खुर्चीवर बसल्या होत्या, मी शेजारी. हींच सुरू झाली आणि बेस आला. पटांगणाची माती बोलायला लागली. गरम दिवे थेट यंत्रावर होते. स्वर जागचा हलला नाही. मी ताईंकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या, चेहरा परीक्षेच्या हॉलमधल्या बाईसारखा.

इतक्यात किरीटभाई नावाचे एक गृहस्थ वाकून नमस्कार करत आले. लग्नांत वाजवणाऱ्या एका जुन्या पार्टीचे मालक. ताईंचे सगळे व्हिडिओ पाहिलेले.

"मॅडम, मारे एक बेस लेवुं छे. आ सांभळीने मजा आवे छे, पण तमे तो ना पाडी हती ने? एक वार कही दो. आ लेवाय के न लेवाय?"

स्टेजवरून जिगर बघत होता. त्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं, पण कोण काय विचारतंय ते त्याला कळलं असणार. त्याचा हात नॉबवर थांबला.

"किरीटभाई," ताई म्हणाल्या, "मने न पूछो. हुं कही शकुं एम नथी."

"एक शब्द, मॅडम."

"एक पण नहीं."

त्या उठल्या. चष्मा काढून माझ्या हातात दिला, चपला खुर्चीखाली सारल्या, पदर कमरेला खोचला आणि सरळ गरब्याच्या वर्तुळात शिरल्या. पहिल्या वळणाला जरा अडखळल्या. दुसऱ्या वळणाला एका तरुण मुलीनं बाजूला सरून जागा दिली, आणि मग ठेंगणी, रुंद खांद्यांची ती बाई टाळी, पाऊल, टाळी घेत अशी फिरायला लागली, जणू तो बेस जमिनीतून थेट तिच्याच पायांत चढत होता. स्टेजवर जिगरनं मान खाली घातली आणि नॉब सावकाश उघडला.

किरीटभाई माझ्याकडे वळले. आवाजात ऐकू यावं म्हणून जवळ येऊन विचारलं, "बेन, मॅडमे कंई कह्युं?"

"नाही," मी म्हटलं. "त्या काहीच बोलल्या नाहीत."

त्यांनी पुन्हा एकदा वर्तुळाकडे पाहिलं, मान हलवली, आणि गर्दीतून वाट काढत स्टेजकडे निघाले.